शेजघर

देवांच्या ऐश्वर्याचा मला कधीं हेवा वाटला नाहीं. परंतु त्यांच्या शेजघरांचा मात्र वाटत आला आहे. पंढरपुरास विठोबाला शेजघर आहे. तुळजापुरची भवानी तर नवरात्रापूर्वीं कांहीं दिवस मंचकावर निद्राच घेते. रात्रीं शेजारती झाली, पडदा पडला, कीं देव आपला मोकळा! माणसांचें नशीब एवढें थोर कोठलें? ज्या मध्यम स्थितींतील मराठी घरांत मी वाढलों, त्यांत देवघर होतें, स्वयंपाकघर होतें, माजघर, कोठीघर, न्हाणीघर होतें. इतकेंच काय, पण सरपणाला सुद्धां स्वतंत्र खोली होती. शेजघर तेवढें नव्हतें. झोंपेसाठीं एक अख्खी खोली अडवून ठेवावी, असें आमच्या वाडवडिलांना कधीं वाटलेलें दिसत नाहीं. रात्रीं ज्याला जेथें जागा मिळेल तेथें त्यानें अंथरूण पसरावें, सकाळीं त्याची वळकटी करून कोंपऱ्यांत उभी करावी, कीं खोली दिवसाच्या कामाला मोकळी, असा सारा हिशेब असे.

आमच्या साताऱ्याच्या घरांत अशी जी खोली आहे, तिला ‘मोठी खोली’ यापलीकडे नांव मिळालें नाहीं. घर माझ्या आजोबांनीं १९३१ सालीं बांधलें. विटांचें व चुन्याचें बांधकाम, वर मंगलोरी कौलें, कौलांखालीं सागवानी तक्तपोशी आणि पायांखालीं शहाबादी फरशी. मोठी खोली वीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दहा फूट उंच आहे. तिच्या दक्षिणेकडील खिडकींतून अजिंक्यताऱ्याचा उतार दिसतो. पश्चिमेची भिंत पावसाळ्याचे चार महिने वाऱ्यापावसाचा मार खाते. सामान म्हणाल तर एक शिसवी कपाट, खुंट्यांची एक फळी, मधोमध विजेची एक नळी, आणि आमच्या लग्नांत सासऱ्यांनीं दिलेला सागवानी पलंग. हा पलंग एवढ्या मोठ्या जागेंत असा अवघडून उभा असे कीं, रेल्वेच्या फलाटावर विसरून राहिलेल्या ट्रंकेची आठवण व्हावी!

माझ्या लहानपणीं मे महिन्यांत या खोलींत अकरा अंथरुणें पडत. आजी, तिच्या माहेरपणाला आलेल्या दोन लेकी, दोन सुना आणि आम्ही सहा मुलें. पुरुषमंडळी ओसरीवर. खोली ओकीबोकी होती. पण ओकीबोकी होती म्हणूनच तिच्यांत एवढीं माणसें मावत. आतां घरांत आम्ही दोघेंच आहों. मुलगी नोकरीनिमित्त बंगळूरला असते. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत ही खोली नीट करावयाची असें ठरलें. (संसारांत कांहीं गोष्टी ‘ठरतात’, त्या कोणी ठरविल्या याचा शोध लावूं नये.) त्याबरोबर मीं जाहीर केलें कीं, रंगाऱ्याला न बोलावतां हें काम आपण आपल्या हातांनीं करूं.

या घोषणेचें आळींत जें स्वागत झालें तें मौजेचें होतें. एका सद्गृहस्थांनीं “पेन्शन जवळ आली म्हणून एवढी काटकसर कशाला?” असें सहानुभूतीनें विचारलें. दुसऱ्यांना माझ्या प्रकृतीची काळजी वाटली. आम्हां शिकल्यासवरलेल्या लोकांत लेखणीहून जड हत्यार हातीं धरलें कीं प्रतिष्ठेला धक्का बसतो, असा समज अजून आहे. मी इंग्रजीचा प्राध्यापक असल्यामुळें साहजिकच विलायतेचा दाखला दिला. विल्यम मॉरिस या कवीनें १८६० सालीं लंडनजवळच्या आपल्या ‘रेड हाऊस’ या नव्या घरांत संसार थाटला, तेव्हां मनाजोगतें सामान त्याला बाजारांत मिळेना. मग त्यानें मित्रमंडळ जमवून भिंती व छतें स्वतः रंगविलीं, पत्नीसह बसून पडद्यांवर भरतकाम केलें. या खटाटोपांतूनच १८६१ सालीं त्याची प्रसिद्ध कंपनी निघाली. एवढा मोठा कवि शिडीवर चढला, तर साताऱ्याच्या प्राध्यापकानें कां चढूं नये?

माझें हें व्याख्यान पत्नीनें शांतपणें ऐकून घेतलें आणि ती म्हणाली, “अहो, मॉरिससाहेबांचें कौतुक मागाहून करा. या भिंतींना आजवर चुना कोणी लावला, तें आधीं आत्याबाईंना विचारा.”

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय ब्यायशीं, मुक्काम कोल्हापूर, आवाज टेलिफोनची गरज नसलेला. तिनें सांगितलें कीं, तिचें लग्न होईपर्यंत दरवर्षीं दिवाळीपूर्वीं ती, तिची आई आणि बहीण अशा तिघी मिळून हें सबंध घर चुन्यानें धूत; पुरुष माणसें त्या दोन दिवसांत जेवायला तेवढीं आंत येत. खरोखर, ‘डू इट युअरसेल्फ’ हा शब्दप्रयोग इंग्रजींत फोफावला तो १९५० नंतर. पण आपल्याकडे सारवणें, पोतेरें घालणें, गेरूचे पट्टे ओढणें, ओटीवर रांगोळी काढणें, हें सारें स्वतःच करण्याचें काम बायका कितीतरी पिढ्या करीत आल्या. त्याला नांव नव्हतें एवढेंच. ठाणें-पालघरकडील वारली घरांतून सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठानें लग्नाचा चौक काढतात, तोहि सवाशिणींच्या हातचा. जिव्या सोमा म्हसे यांनीं १९७० नंतरच्या काळांत ही चित्रकला कागदावर आणली, तेव्हां जगाला ती दिसली. म्हणजे मीं काढलेली वाट नवी होती ती फक्त माझ्यापुरती, आणि फार तर माझ्यासारख्या पुरुषांपुरती.

कामाला लागण्यापूर्वीं दोन पक्ष पडले. पुतण्यानें मोबाईलवर दृश्यफिती पाठविल्या. त्यांत हसतमुख माणसें पुट्टीचा थर देऊन रबरासारखे चिवट रंग रुळांनीं फासतांना दिसत होतीं. आत्यानें सांगितलें, “अरे बाळ, चुन्याच्या भिंतीला चुनाच लागतो. तिला श्वास घेऊं दे.” विचार केल्यावर आत्याचें म्हणणें शास्त्राला धरून दिसलें. जुनी भिंत पावसाळ्यांत ओल शोषून घेते आणि उन्हाळ्यांत ती सोडून देते. तिच्यावर पाणी न झिरपणाऱ्या रंगाचा पडदा ओढला कीं, आंतली ओल बाहेर पडावयाला वाट राहत नाहीं. मग ती रंगालाच ढकलूं लागते, ओलीबरोबर आलेले क्षार रंगाखालीं सांचतात, आणि पोपडे सुटतात. आमच्या पश्चिमेच्या भिंतीवर नेमका हाच प्रकार झाला होता. चुन्याचा हात मात्र सच्छिद्र असतो. ओल त्यांतून येते आणि जाते.

तेव्हां पहिलें काम खरवडण्याचें. एक पत्र्याची पट्टी, एक तारेचा ब्रश आणि नाकातोंडाला बांधलेला पंचा, एवढ्या साहित्यावर एकट्या पश्चिमेच्या भिंतीला मला चार दिवस लागले. पण तसें मनोरंजक वाचन मीं वर्षांत केलें नव्हतें. सर्वांत वर साईच्या रंगाचा तैलरंग; त्याच्या आंत पिस्त्याच्या रंगाचें डिस्टेंपर, तें माझ्या थोरल्या चुलत बहिणीच्या लग्नांतलें; त्याच्या खालीं पिवळ्या मातीचा हात; आणि अगदीं तळाशीं नीळ घातलेला चुना, एकावर एक इतके पातळ थर कीं मोजतां येऊं नयेत. तो तळचा चुना आजीच्या आणि आत्याच्या हातचा. वरचे रंग पट्टी लागतांच पापुद्र्यासारखे सुटून येत. हा मात्र भिंतीला सोडीना. भेगा मीं चुना-वाळूनें बुजविल्या आणि त्याला हात न लावतां पुढें गेलों.

चुना भिजविणें हा पाहण्यासारखा सोहळा आहे. चुनखडीचा दगड भट्टींत भाजला म्हणजे त्यांतला कर्बाम्ल वायु निघून जातो आणि कळीचा चुना राहतो. या कळ्या पाण्यांत टाकल्या कीं पाणी सळसळतें, वाफा येतात, पिंप हात लावूं देत नाहीं. विस्तवावांचून उकळणारें पाणी पाहून आमच्या शेजारचीं मुलें थक्क झालीं. (तीं दूर उभीं होतीं, हें सांगितलें पाहिजे. डोळ्यांत उडालेला चुना डोळा घालवितो; मी सारा वेळ बंद चष्मा लावून होतों, आणि आत्याच्या आज्ञेवरून हातांना खोबरेल तेल.) चुना निवाला, रात्रभर मुरला, म्हणजे फडक्यांतून गाळावयाचा, दुधासारखा पातळ करावयाचा, त्यांत भिजविलेल्या डिंकाचें पाणी आणि कपड्यांची नीळ, तीहि चिमूटभरच. भिंतीवर आधीं पाणी मारावयाचें, मग पहिला हात आडवा, दुसरा उभा, तिसरा पुन्हां आडवा.

लावल्याबरोबर भिंतीवर कांहींच दिसत नाहीं! ओला चुना पाण्यासारखा पारदर्शक असतो. दिवसभर राबून संध्याकाळीं आपण पाण्यानें भिंत पुसली कीं काय असा संशय येतो. सुकूं लागला म्हणजे तो हळूहळू उजळतो. आणि पुढें कित्येक दिवस हवेंतला कर्बाम्ल वायु परत शोषून घेत घेत तो पुन्हां दगड होतो. डोंगरांतून निघालेला दगड भट्टींतून, पिंपांतून, कुंच्यावरून फिरून भिंतीवर येऊन पुन्हां दगड होतो, ही गोष्ट मला शाळेंत रसायनाच्या तासाला शिकविली होती. ती समजली या वयांत. दारें-खिडक्या वजा जातां भिंती सहाशें चौरस फूट. तीन हात म्हणजे अठराशें. आकडा कागदावर लहान वाटतो; खांद्याला विचारावें.

रंगाच्या निवडीचा प्रश्न चुन्यानें बराचसा सोपा केला. त्याचा दाह सर्वच रंगांना सोसत नाहीं. गेरू, पिवळी माती यांसारखे मातीचे रंग टिकतात, नीळ टिकते. बाजारांतले नाजूक रंग त्यांत करपून जातात. शिवाय रंग ही वस्तु विश्वासाची नाहीं. व्हॅन गॉगनें १८८८ सालीं फ्रान्समधील आर्ल गांवीं आपल्या निजावयाच्या खोलीचें चित्र काढलें. नुसत्या रंगांनींच विश्रांतीचा भास व्हावा, अशी त्याची इच्छा होती. आज त्या चित्रांतल्या भिंती निळ्या दिसतात. पण त्यानें त्या फिक्या जांभळ्या रंगविल्या होत्या. त्यांतला तांबडा रंग उडून गेला आणि निळा राहिला. एवढ्या मोठ्या चित्रकाराच्या भिंतींची ही गत, तर आपण फार आग्रह धरूं नये. आम्हीं तीन भिंती पांढऱ्या ठेवल्या, आणि पश्चिमेच्या भिंतीच्या चुन्यांत पिवळी माती मिसळली. पावसाळ्याच्या अंधाऱ्या दुपारीं तेवढाच उन्हाचा भास.

येथवर सर्व सुरळीत होतें, कारण भिंती कोणाच्याहि नसतात. जमिनीचा प्रश्न आला तेव्हां खरी अडचण दिसूं लागली. लहान खोली काय ठेवावें तें स्वतःच सांगते. तिला दुसरा इलाज नसतो. मोठी, साधी खोली कांहींच सांगत नाहीं. सामान भिंतीला लावलें तर मध्यें मैदान पडतें. मध्यें आणलें तर तें गोदाम दिसतें. जाणते लोक सांगतात कीं, अशा खोलीचे दोन-तीन भाग कल्पावे, प्रत्येकाला त्याचा दिवा द्यावा, आणि छताच्या मधोमध टांगलेला एकच प्रखर दिवा काढून टाकावा. सल्ला चांगला आहे. पण खोलीचे भाग करावयाचे म्हणजे ते कोणाचे, हें ठरवावयास नको काय?

पत्नीनें तीस वर्षें मुलींच्या शाळेंत मराठी शिकविलें. उत्तरपत्रिका तिनें तपासल्या त्या रात्रीं स्वयंपाकघराचा ओटा पुसून झाल्यावर, त्याच ओट्यावर. सकाळीं तेथें पुन्हां कणीक मळावयाची असल्यामुळें गठ्ठे उचलावे लागत. मीं तिला विचारलें, “तुला या खोलींत काय हवें?” ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, “दार लागणारी खोली नको मला. पण रात्रीं ठेवलेला कागद सकाळीं तेथेंच सांपडेल, एवढी जागा द्या.”

व्हर्जिनिया वूल्फ यांचें ‘अ रूम ऑफ वन्स ओन’ हें पुस्तक १९२९ सालीं प्रसिद्ध झालें. स्त्रीला लेखन करावयाचें तर सालीना पांचशें पौंड आणि कुलूप लागणारी स्वतःची खोली पाहिजे, हा त्यांतला विचार मी वर्गांत पुष्कळ वर्षें समजावून देत आलों आहें. पत्नीनें मागितलें तें याहून कितीतरी थोडें होतें. खोलीचा दक्षिणेकडचा भाग, खिडकीजवळचें टेबल, एक दिवा, आणि आड म्हणून पुस्तकांचें एक ठेंगणें कपाट, असा आराखडा आम्हीं केला आणि हौसेनें आत्याला कळविला.

टेलिफोनवर आत्या थोडा वेळ गप्प राहिली. आणि तिचें गप्प राहणें ही आमच्या घरांत नोंद करण्याजोगी गोष्ट आहे. मग तिनें विचारलें, “खोलीच्या मधोमध कपाट आलें, पलीकडे तो पलंग, मग आम्हीं निजायचें कोठें रे?”

वाचकांना हा प्रश्न हट्टाचा वाटेल. मला तो तसा वाटला नाहीं. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मुलींना बापाच्या मिळकतींत वांटा दिला. आमचे आजोबा १९७४ सालीं वारले, तेव्हां दोन्ही लेकींनीं हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. कोणी जबरदस्ती केली नाहीं. तशी चालच होती, आणि पुष्कळ घरांतून आजहि आहे. मोबदला म्हणून लेकीला मिळतें तें माहेर: वर्षांतून चार दिवस येण्याचा, फरशीवर अंथरूण टाकण्याचा, पहांटेपर्यंत बहिणीशीं कुजबुजण्याचा अधिकार. हा अधिकार कोणत्याहि दस्तांत लिहिलेला नसतो. खोली मोकळी असते तोंवर तो चालतो, आणि खोली भरली कीं न बोलतां संपतो. ज्या साधेपणाला आम्ही कंटाळलों होतों, तोच साधेपणा आत्याच्या हक्काचा कागद होता.

एका बाजूला घरांत आलेली सून, दुसऱ्या बाजूला घरांतून गेलेली लेक. आणि दोघींचें मागणें रास्त. आत्यानें शेवटीं आपला पुरावा पुढें केला: “आषाढी-कार्तिकीच्या यात्रेंत विठोबाचासुद्धां पलंग काढतात. माणसें यायचीं तर देवदेखील रात्रंदिवस उभा राहतो.” गोष्ट खरी आहे. प्रक्षाळपूजा होईपर्यंत पंढरीरायाला शेज नसते.

हा पुरावा पत्नीनें मात्र आत्यापेक्षां चांगला वापरला. ती म्हणाली, “मग आपलाहि पलंग काढूं या. त्याच्याच लांकडाचें कपाट करा.” तिच्या वडिलांनीं दिलेली वस्तु, तिच्याखेरीज दुसऱ्या कोणाला हें सुचविण्याचा अधिकार नव्हता. सुतारानें पलंग मोडून चार फूट उंचीचें कपाट जोडून दिलें. तें घांसून, स्पिरिटमध्यें विरघळविलेल्या चपड्याचे हात देणें माझ्याकडे होतें. दक्षिणेचीं आठ फूट पत्नीचीं झालीं. उरलेल्या बारा बाय चौदांत दोन अंगांना दोन अरुंद दिवाण ठेवले. आमची झोंप त्यांवर, आणि त्यांच्या पोटांत पाहुण्यांच्या गाद्या. मधली फरशी मोकळी. छताची नळी गेली; टेबलाजवळ एक आणि दिवाणांजवळ एकेक, असे तीन बेताचे दिवे आले.

दिवाळींत आत्या आली. भिंतीवरून तिनें बोट फिरविलें, बोटाकडे पाहिलें आणि “डिंक बेताचा पडलाय” असा अभिप्राय दिला. तिच्या मुखांतून याहून मोठी पदवी मिळत नाहीं. मग तिनें फरशीकडे पाहून मोजणी केली. “पांच खालीं, दोन वर. सात.” थोडें थांबून म्हणाली, “अकरा निजत असूं.” त्या अकरांपैकीं किती उरलीं हें आम्हां तिघांनाहि ठाऊक होतें, कोणी उच्चारलें नाहीं. चार अंथरुणांची जागा खरोखरच गेली, आणि तिच्या बदल्यांत एका माणसाला टेबल मिळालें. हा व्यवहार बरोबरीचा झाला असें मी म्हणणार नाहीं. सजावटींत कोणाचें तरी कांहीं जातेंच. तें कोणाचें गेलें हें घरांतल्या माणसांना माहीत असावें, एवढें मात्र मला आतां आवश्यक वाटतें.

चुन्याला आणखी एक गुण म्हणा, अवगुण म्हणा, आहे. तो फार दिवस तसाच राहत नाहीं. दोन-तीन वर्षांनीं पुन्हां हात द्यावा लागतो. तैलरंगानें हा प्रश्न पुष्कळ वर्षें मिटला असता. पण चुन्याची भिंत ठराविक काळानें सारी खोली रिकामी करावयाला लावते, आणि रिकाम्या खोलींत कोणाची जागा कोठें, हें नव्यानें बोलावें लागतें. तें बोललें जावें हें बरें.

आत्या म्हणाली, “पुढच्या खेपेस मी असेन-नसेन. चुना किती, पाणी किती, डिंक किती, तें सगळें पोरीला लिहून ठेवा.” त्या रात्रीं पत्नीनें खिडकीजवळच्या टेबलावर बसून आत्याच्या तोंडून तें प्रमाण लिहून घेतलें. लिहितां लिहितां दोघींच्या गोष्टी कोठल्या कोठें गेल्या, आणि ‘पिवळी माती’ या शब्दांवर लेखणी थांबली ती थांबलीच. सकाळीं पाहिलें तों कागद टेबलावर तसाच होता.